हळदीच्या कॅप्सूल आणि टॅमॉक्सिफेनची गोळी

स्तनाच्या कर्करोगाच्या ज्या रुग्णांच्या गाठींमध्ये इस्ट्रोजेनचे ग्राही, म्हणजे या संप्रेरकाला धरून पेशीला वाढीचा संदेश देणारी प्रथिने, आढळतात, त्या रुग्णांपैकी अनेकींना शस्त्रक्रियेनंतर टॅमॉक्सिफेनची गोळी निदान ५ वर्षे घ्यावी लागते. याच लांबलेल्या काळात, रुग्णालयाच्या फेऱ्या कमी झालेल्या असतात पण घरच्यांची धास्ती ओसरलेली नसते तेव्हा, ‘नैसर्गिकच आहे, अपाय काय होणार’ या भरवशावर हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल घरात येतात. डॉक्टरांनी चालू औषधांची चौकशी केली तरी या कॅप्सूलचा उल्लेख बहुधा राहून जातो, कारण रुग्णाच्या लेखी ते औषध नसतेच.

हळदीला पिवळा रंग देणारे कर्क्युमिन प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्कपेशींची वाढ रोखते, हे खरे आहे. परंतु पोटात गेलेले कर्क्युमिन फारच थोडे शोषले जाते आणि शोषलेल्या अंशाचेही शरीर झपाट्याने रूपांतर करून टाकते. म्हणून अनेक उत्पादक त्यात काळ्या मिरीतील पायपरीन मिसळतात आणि डबीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत तसे छापतात. खरी मेख इथेच आहे. पायपरीन शरीरातील काही विकरांचे, म्हणजे रासायनिक रूपांतरे घडवणाऱ्या प्रथिनांचे, काम मंद करते आणि त्यामुळे कर्क्युमिन टिकते. उलट टॅमॉक्सिफेनचा बराचसा गुण यकृतातील विकरांनी त्याचे एंडॉक्सिफेनमध्ये रूपांतर केल्यावरच येतो. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या १६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कर्क्युमिनमुळे रक्तातील एंडॉक्सिफेन सरासरी सुमारे ८ टक्क्यांनी, तर पायपरीनची जोड दिल्यावर सुमारे १२ टक्क्यांनी घटले. ही घट अफाट नव्हे, पण जिच्या रक्तात एंडॉक्सिफेन मुळातच काठावर असते, तिच्या बाबतीत तेवढीही पुरेशी ठरू शकते.

त्या अभ्यासातील मात्रा दिवसाला ३,६०० मिलिग्रॅम कर्क्युमिनची होती. हळदीत कर्क्युमिन वजनाच्या सुमारे ३ टक्के धरले, तर तेवढ्यासाठी १०० ग्रॅमहून अधिक हळद रोज खावी लागेल. तेव्हा फोडणीतल्या चिमूटभर हळदीने धास्तावण्याचे कारण नाही.

सोयाबीनबाबत भीती उलट्या दिशेची असते. त्यातील जेनिस्टीन या इस्ट्रोजेनसदृश द्रव्याने उंदरांमधील गाठी वाढल्याचे दिसले, म्हणून अनेकींनी सोयाबीन वर्ज्य केले. मात्र शांघायमधील ५,०४२ रुग्णांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आहारातून अधिक सोया घेणाऱ्या स्त्रियांमध्ये रोग उलटण्याचे व मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, शिवाय तिचा निष्कर्ष टोफू आणि सोयादूध यांसारख्या अन्नापुरता आहे. तो जेनिस्टीनसारख्या आयसोफ्लेव्होनच्या गोळ्यांना लावणे गैर होय.

वनस्पतिज द्रव्यांना हलके लेखण्याचा येथे हेतू नाही. स्तनाच्या कर्करोगात वापरले जाणारे व्हिनोरेलबिन सदाफुलीतील अल्कलॉइडांपासूनच तयार होते. पण त्याची मात्रा मोजलेली, दुष्परिणाम नोंदलेले आणि देण्याची वेळ ठरलेली असते. ही शिस्त दुकानातून आणलेल्या अर्काच्या डबीला नसते. हळदीच्या आणि ग्रीन टीच्या संहत अर्कांमुळे काही व्यक्तींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

म्हणून अर्क, काढा किंवा चूर्ण सुरू करण्यापूर्वी, आणि आधीच सुरू केले असल्यास पुढच्याच भेटीत, ती डबी घेऊन कर्करोगतज्ज्ञांकडे जावे. नुसते नाव सांगितल्याने मिरीचा अर्क लक्षात येत नाही, घटकांची यादी पाहिल्यावर येतो. पाल्बोसिक्लिब हे स्तनाच्या कर्करोगावरचे औषध चालू असल्यास ग्रेपफ्रूट टाळावे लागते आणि त्याच कुळातल्या, कोकणात आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या पपनसाविषयीही तेव्हाच विचारून घ्यावे. शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल तर भूलतज्ज्ञांनाही हीच यादी दाखवावी. कॅप्सूल लपवून घेतलेली असली, तरी डॉक्टर रागावतील या संकोचाने गप्प राहू नये. रक्ततपासणीत यकृताचे आकडे वाढलेले दिसले, तर त्याचे कारण शोधताना त्यांना याच माहितीची गरज पडते.