आंबोलीचा धबधबा

सावंतवाडीहून आंबोली सुमारे तीस किलोमीटर आहे. दाणोली मागे पडली की घाट लागतो. वळणावर वळण. कानांत दडे बसतात. आंबोली गाव समुद्रापासून जवळजवळ ६९० मीटर उंचीवर आहे.

इथे पाऊस फार. वर्षाला सात मीटरच्या आसपास पडतो. सात मीटर म्हणजे किती? पडलेले पाणी जागच्या जागी साठले, तर दुमजली घर बुडेल! एवढा पाऊस इथेच का? समुद्रावरून वाफेने भरलेला वारा येतो. वाटेत सह्याद्रीची भिंत आडवी. वारा वर चढतो. वर हवा थंड असते. थंडीने वाफेचे पाणी होते. भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचलून पाहा. आतून थेंब जमलेले असतात. तसेच हे.

याच आंबोलीत हिरण्यकेशी नदी उगम पावते. घाटातल्या धबधब्याचे पाणी पश्चिमेच्या समुद्राला जाते. हिरण्यकेशी मात्र पूर्वेकडे वळते. आजरा, गडहिंग्लजवरून ती घटप्रभेला मिळते. घटप्रभा कृष्णेला मिळते. कृष्णा पूर्वेच्या समुद्राला जाते. पाऊस एका गावचा, समुद्र दोन! उगमाच्या कुंडात एक लहानसा मासा आहे. ही मासळीची नवी जात आहे, असे शास्त्रज्ञांनी २०२० साली जाहीर केले. २०२१ साली सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरवली. तिथे गळ टाकू नका.

रानातल्या पाऊलवाटेने चालायचे तर पावसाळ्यात जळवा असतात. जळू ओढून काढू नये. चिमूटभर मीठ टाकावे, ती आपोआप सुटते. वाट सोडून आत शिरू नये. धुके उतरले की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही.

आता मुख्य गोष्ट, पाण्याची. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. त्यांत लहान मुले होती. पाणी एकाएकी वाढले. असे कसे होते? आपण उभे असतो तिथे ऊन असते. पण वर डोंगरमाथ्यावर पाऊस कोसळत असतो. कातळावर पाणी मुरत नाही. सगळे ओढ्यात उतरते आणि थोड्या वेळात लोंढा येतो.

लोंढ्याच्या खुणा आहेत. नितळ पाणी गढूळ होते. पालापाचोळा, काटक्या वाहून येतात. आवाज वाढतो. यांतली एक जरी खूण दिसली, तरी चपला, डबा, काय असेल ते तिथेच टाकायचे. पोरांना उचलायचे आणि काठावर उंच जागी जायचे. "थांब हो, एक फोटो काढू," म्हणणाऱ्याचे ऐकू नका. ओढा पलीकडे ओलांडूही नका. गुडघाभर पाणी जोरात असले तर धडधाकट गडीसुद्धा आडवा होतो. शेवाळलेल्या दगडाचे तर नावच नको.

धबधब्याजवळ पाट्या लावलेल्या असतात. पुष्कळ शिकलेले लोक त्या न वाचता पुढे जातात. तुम्ही नव्याने वाचायला शिकलात. तुम्ही त्या मोठ्याने वाचा, बरोबरच्यांना ऐकू जाईल अशा.

पुढील शब्द वहीत पाच वेळा लिहा : धोका. खोल पाणी. निसरडे दगड. दरड. पुढे जाऊ नये.