छत्री फिरवण्याआधी वायर पाहा

टीव्हीचे चित्र फुटले की आपण पोराला पत्र्यावर चढवतो आणि खालून ओरडतो, "थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे!" जुन्या अँटेनाला हे चालून जात असे. सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, पण चित्र दिसायचे. डिजिटलचे तसे नाही. एका मर्यादेपर्यंत चित्र स्वच्छ; सिग्नल त्याखाली गेला की चौकोन पडतात, मग पडदा काळा. म्हणून येथे अंदाज नको, माप हवे.

डीडी फ्री डिशचेच पाहू. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेला महिन्याचे भाडे नाही. तिचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. भिवंडी-मालेगावहून तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ५७ अंश वर येतो. त्या बाजूला झाड, पाण्याची टाकी किंवा उंच भिंत आड येऊ नये. नेहमीची छोटी छत्री मात्र नेम बरोबर असूनही बरीच उभी दिसते. तिची घडणच तशी असते. म्हणून डोळ्यावर न जाता बॉक्समधील पट्ट्या पाहाव्यात. 'स्ट्रेंग्थ' भरलेली असली तरी छत्री चुकलेली असू शकते. खरी पट्टी 'क्वालिटी'ची. ती जास्तीत जास्त होईल तेथे नट आवळावेत.

जोराच्या पावसात चित्र गेले तर छत्रीला हात लावू नये. पाऊस ओसरला की ते आपोआप येते. न आले तर आधी वायर पाहावी.

हे आम्ही पैसे मोजून शिकलो. आमच्या गोदामावरील छत्री दोनदा मजुरी देऊन फिरवून घेतली. चित्र दोन दिवस टिके, पुन्हा जाई. अखेर वायरीचा सांधा उघडला, तर आत पाणी आणि हिरवा गंज! ताग्यात दोष निघाला तर आपण आधी सूत पाहतो, लगेच माग खोलत नाही. येथे मात्र ती अक्कल सुचली नाही. वायर शक्यतो अखंड घ्यावी, बाहेरचा सांधा टेपने बंद करावा आणि वायर काढता-लावताना बॉक्सचा स्वीच बंद ठेवावा.

ओल्या पत्र्यावर कुणाला चढवू नये. विजेच्या तारांपासून लांब राहावे. चित्र उद्या येईल, मोडलेली कंबर येणार नाही. शेजाऱ्याच्या भिंतीवर छत्री लावायची तर त्याची परवानगी घ्यावी. तो त्याचा हक्क आहे.

आपली अनेक मुले हे काम शिकत आहेत. त्यांना आमचे एवढेच सांगणे : दोष सापडला की गिऱ्हाइकाला दाखवा, आणि मगच मजुरी मागा. हुनराने काम मिळते, अमानतीने ते टिकते.