उंच उडीच्या पंचाच्या खुर्चीतून

शाळेत पीटी शिकवता शिकवता मी उंच उडीची पंच झाले. २००८ साली पुण्यात बालेवाडीला राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हा देशोदेशीच्या मुलींच्या उड्या अगदी जवळून पाहायला मिळाल्या. स्कोअरशीटवर आम्ही तीनच खुणा करतो: गेली तर ओ, पडली तर एक्स, सोडली तर आडवी रेघ. त्या खुणा करता करता जे उमगलं, ते नव्या पोरींसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी.

१. पहिल्या प्रयत्नाची किंमत ओळखा.
दोनदा बार पाडून तिसऱ्यांदा गेली की मुलगी हुश्श करते. पण ते दोन एक्स कागदावरून पुसले जात नाहीत. दोघींची उंची सारखी झाली, तर त्या शेवटच्या उंचीवर कुणी कमी वेळा बार पाडला ते आम्ही बघतो. तिथेही बरोबरी असेल तर तोवरचे सगळे एक्स मोजतो. २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत युक्रेनच्या १८ वर्षांच्या यारोस्लावा माहुचिखने २.०४ मीटर ओलांडून ज्युनिअर जागतिक विक्रम केला, तरी सुवर्ण मिळालं ते तेवढीच उडी मारलेल्या मारिया लासित्स्केनेला. लासित्स्केने ती उंची पहिल्याच प्रयत्नात पार करून गेली होती, माहुचिख तिसऱ्या.

२. बार कशाने पडला, ते विचारा.
‘थोडक्यात हुकलं’ म्हणून काही कळत नाही. वर जातानाच बार लागला, तर बहुधा टेक-ऑफ फार जवळून झालेला असतो. उतरताना बुडाखाली आला, तर लांबून. दोन्हींचं मूळ रन-अपमध्ये सापडतं, कारण शेवटच्या चार-पाच पावलांचं वळण बिघडलं की पाय भलतीकडे पडतो. म्हणून स्वतःची मोजपट्टी आणा, मैदान नवं असेल तर अंतर नव्याने मोजा. खुणेसाठी खडू मात्र चालत नाही, चिकटपट्टी वापरा.

३. सुरुवातीची उंची स्वतःची निवडा.
शेजारची मुलगी १.७० ला उतरते म्हणून आपणही तिथूनच सुरू करायचं, हा हट्ट महागात पडतो. सलग तीन अपयशं आली की स्पर्धा संपते, मग ती एका उंचीवरची असोत वा दोन. दोनदा पडल्यावर ‘पास’ म्हणून पुढच्या उंचीला जाता येतं, पण तिथे एकच प्रयत्न हातात राहतो. हा जुगार पदकासाठी ठीक. घाबरून खेळू नये.

४. मिनिटभर थांबायची सवय करा.
नाव पुकारल्यावर एक मिनिट मिळतं; दोघी-तिघीच उरल्या की दीड. तरी बऱ्याच मुली घाईघाईने धावत सुटतात. सरावात घड्याळ लावा. श्वास जागेवर येऊ द्या, मगच पहिलं पाऊल टाका.

५. वयावरून अंदाज बांधू नका.
पश्चिम जर्मनीच्या उल्रिके मायफार्थने १९७२ मध्ये म्युनिकला १६ व्या वर्षी १.९२ मीटर उडी मारून ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. चार वर्षांनी माँट्रियलला तिला अंतिम फेरीही गाठता आली नाही. आणि १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला २.०२ मीटरवर ती पुन्हा सुवर्णपदक घेऊन गेली! साधनांवरूनही अंदाज नको: आपल्याकडे हरियाणाची पूजा सिंग बांबू आणि पेंढ्याच्या पोत्यांवर शिकली, आणि २०२५ साली दक्षिण कोरियातल्या गुमीला १.८९ मीटरवर आशियाई विजेती झाली. तेव्हा चौदाव्या वर्षी मागे पडलेल्या पोरीला लांब उडीकडे वळवायची घाई नको.

६. निकालाबरोबर स्कोअरशीटही वाचा.
पालक विचारतात, ‘कितवी आली?’ प्रशिक्षकाने विचारावं, पहिला एक्स कुठल्या उंचीवर पडला? सहज जमणाऱ्या उंचीवर एक्स दिसत असेल तर आधी रन-अप सुधारा, ताकदीचे व्यायाम नंतर वाढवा. पुढच्या मोसमाचं वेळापत्रक त्या कागदावरूनच आखायचं असतं.