पूररेषेकाठचं घर घेताना

पंचवटी, नाशिक
18 मे

चि. सौ. अस्मिता हीस,


तुम्ही दोघं आनंदवलीला नदीकाठचा फ्लॅट पाहून आलात आणि पुढच्या आठवड्यात विसार द्यायचं ठरतंय, असं ताईकडून कळलं. तुम्ही नाशिकला परत येताय याचा आम्हा सगळ्यांना मनापासून आनंद आहे. घर अवश्य घ्या, गंगेकाठी, म्हणजे आपल्या गोदावरीकाठी, घ्यायचं असेल तर तेही घ्या. पण ते नदीपासून किती लांब आहे एवढंच विचारून थांबू नका, नदीपेक्षा किती उंच आहे ते विचारा. विमा कंपनीच्या दावे विभागात माझी नोकरी झाली. पूर ओसरल्यावरची घरं आणि दुकानं मी जवळून पाहिली आहेत. म्हणून सही होण्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडावं असं वाटलं.

आपण नाशिककर पूर मोजतो तो गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी कमरेला लागलं, गळ्याला आलं, मारुती बुडाला, एवढ्यावरून गावाला अंदाज येतो. 1969 चा महापूर जुनी माणसं अजून सांगतात. त्यानंतर 19 सप्टेंबर 2008, पुढे ऑगस्ट 2016 आणि ऑगस्ट 2019. या तिन्ही वेळा मारुती पाण्याखाली गेला. 2008 नंतर अकरा वर्षांत आणखी दोनदा हे घडलं, हे लक्षात ठेव. ‘असा पूर पुन्हा आपल्या हयातीत येत नाही’ असं तुला कोणी सांगेल, त्याला या तारखा दाखव.

दुसरं तुला ऐकवतील ते गंगापूर धरणाचं. धरण आहे, मग भीती कसली? धरणानं पुराचा जोर कमी होतो हे खरं, पण ते रिकामं असेल तेव्हा. आज त्याची क्षमता सुमारे 5,630 दशलक्ष घनफूट आहे. गाळानं ती पहिल्यापेक्षा कमी झालेली आहे. श्रावण-भाद्रपदात धरण भरत आलेलं असतं आणि त्याच वेळी त्र्यंबक-आंबोलीच्या डोंगरांत पाऊस कोसळला, तर भरल्या हंड्यात ओतावं तसं वरून येईल तेवढं खाली सोडावंच लागतं. 2008 चा पूर सप्टेंबरातला होता, हे विसरू नकोस. शिवाय धरणाच्या खाली, खुद्द शहरावर पडणारा पाऊस कोण अडवणार? नासर्डी आणि वाघाडी या उपनद्यांवर गंगापूर धरणाचा काहीच ताबा नाही. सराफ बाजार आणि दहीपुलाकडे गंगेचं पाणी पोचण्याआधीच सरस्वती नाल्याचं पाणी रस्त्यावर येतं.

आता पूररेषांविषयी. जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध, तिथे नवं बांधकाम नाही. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा, तिथे लाल रेषेच्या पातळीच्या वर जोतं घेऊन बांधता येतं. 2008 नंतर नाशकात या रेषा आखल्या गेल्या तेव्हा काठावरच्या पुष्कळ मालकांना तो अन्याय वाटला. त्यांची अडचण खरी होती, पण रेषा पुसल्यानं पाण्याची पातळी खाली जात नाही.

‘25 वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा आला की पुढची 24 वर्षं सुटका, असा घेऊ नकोस. अर्थ असा की, दरवर्षी शंभरात चार इतकी शक्यता. तुमचं कर्ज वीस वर्षांचं आहे. वीस वर्षांचा हिशेब मांडला तर निळ्या रेषेच्या पातळीवरच्या घरात एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता 56 टक्के येते. लाल रेषेच्या पातळीवर ती 18 टक्के. कर्जाचा हप्ता ठरवताना तुम्ही व्याजाचा अर्धा टक्काही सोडत नाही, मग हे आकडे कसे सोडायचे?

म्हणून विसार देण्याआधी एवढं कर. बिल्डरकडून मंजूर नकाशाची प्रत घे आणि त्यावर दोन्ही रेषा कुठे आहेत ते पाहा. रेषा दाखवलेल्या नसतील तर सर्व्हे नंबर घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात, राजीव गांधी भवनात जा आणि झोन दाखला काढ. जोत्याची पातळी लाल रेषेच्या किती वर आहे, हे लेखी माग. मग इमारतीत जाऊन तळमजला पाहा. विजेचे मीटर, पाण्याची मोटर, जनरेटर आणि लिफ्टची यंत्रणा तळघरात असेल, तर चौथ्या मजल्यावर राहूनही पुराच्या दिवशी तुम्ही अंधारात आणि पाण्यावाचून राहणार. शेवटी शेजारच्या जुन्या बंगल्यातल्या बायकांना विचार, 2008 ला आणि 2019 ला पाणी कुठवर आलं होतं. त्या भिंतीवर हात ठेवून दाखवतील.

इतकं पाहूनही थोडी जोखीम उरतेच. ती विम्यानं झाकायची. अमेरिकेत 1968 पासून सरकारी पूरविमा आहे आणि पूरक्षेत्रात घरकर्ज घेणाऱ्याला तो बहुधा घ्यावाच लागतो. आपल्याकडे तशी सक्ती नाही, म्हणून लोक थेट पंचनाम्याच्या रांगेत उभे राहतात. पंचनाम्यानंतरची सरकारी मदत चूल पेटती ठेवण्यापुरती असते, तिच्यातून घर पुन्हा उभं राहत नाही.

1 एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी मिळते. तिच्यात पूर आणि पाणी साचणं दोन्ही येतं. रक्कम ठरवताना फ्लॅटची बाजारातली किंमत धरू नकोस, जागेचा भाव पुरात वाहून जात नाही. चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर, एवढी ती रक्कम. इमारतीच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 10 लाख, घरातलं सामान त्यातच धरलेलं असतं. दागिने त्यात येत नाहीत, त्यांची सोय वेगळी. बँक कर्जाबरोबर जो विमा देते तो नीट वाच. पुष्कळदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, घराचा नसतो.

जावईबापूंना दहीपुलाजवळ गाळा घ्यायचा आहे असंही कळलं, म्हणून त्यांच्यासाठी एक गोष्ट. 2008 च्या पुरानंतर भांडीबाजारातल्या एका दुकानाची पाहणी मी केली होती. तांब्या-पितळेची भांडी चिखलातून काढून धुतली की पुन्हा मांडण्याजोगी होती. पण खालच्या फळीवरच्या मिक्सरच्या खोक्यांचा पुठ्ठा बोट लावताच गळून पडत होता आणि आत मोटारीत गाळ घट्ट बसला होता. दुकानात माल वीस लाखांचा, विमा उतरवला होता दहा लाखांचा. नुकसान सहा लाखांचं निघालं आणि हाती तीन लाख आले. माल अर्धा उतरवला की भरपाईही त्याच प्रमाणात मिळते. आताच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्याहून जास्त नाही. तेव्हा दिवाळीला माल वाढवला की विमाही वाढवायचा आणि खरेदीची बिलं दुकानाबाहेर, घरी किंवा मोबाईलवर ठेवायची.

गाडीचंही सांगून ठेवतो. थर्ड पार्टी विम्यात पुराच्या नुकसानीची भरपाई मिळत नाही. सर्वंकष विम्यातसुद्धा पाणी शिरलेलं इंजिन चालू करून बिघडलं तर पैसे बहुधा नाकारले जातात. इंजिनचं वेगळं संरक्षण घ्या आणि बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवू नका. नुकसान झालं तर आवरण्याआधी पाणी आलेल्या खुणेसकट फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत काही फेकू नका. दावा नाकारला गेलाच, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे तक्रार करता येते, तिथे शुल्क लागत नाही.

हे सगळं पाऊस सुरू होण्याआधी व्हायला हवं. जोत्याची पातळी लेखी मिळाली नाही तर तो फ्लॅट कितीही आवडला असला तरी सोडून द्या, नाशकात उंचावरची घरं पुष्कळ आहेत. मिळाली आणि ती लाल रेषेच्या वर निघाली, तर निर्धास्त विसार द्या आणि ताबा घ्याल त्याच दिवसापासून विमा सुरू करा. मंजूर नकाशा घेऊन रविवारी इकडे ये, आपण दोघं बसून तो वाचू.

जावईबापूंना नमस्कार, बाळाला गोड पापा.

तुझा,
मामा