गोगलगायीच्या खाद्यात तेल किती असावं? पेंड घेण्याआधी हा हिशेब करा

आजच्या व्हिडिओत आपण गोड्या पाण्यातली गोगलगाय पाळताना खाद्याचा विचार केला. त्यातली आकडेमोड इथे लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

आधी पाणी बघा. तोंडवलीसारख्या गावात एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी. खाडीचं पाणी या धंद्याला चालत नाही. विहीर उन्हाळ्यातही गोडी राहते का, हे तपासूनच टाकी बांधा.

तेल लागतं कशाला?

एक ग्रॅम स्निग्धांशातून सुमारे ९ कॅलरी मिळतात, प्रथिनातून ४. खाद्यात थोडं तेल असलं की ताकदीसाठी महागडं प्रथिन जळत नाही, ते अंग भरायला उरतं. पण "जास्त तेल म्हणजे जास्त वाढ" हे गणित चुकीचं आहे. गोगलगाय मुळात शेवाळ आणि पाला खरवडून खाणारी. तिच्या नेहमीच्या खाण्यात तेल कमीच. शिवाय ती सावकाश खाते. तेलकट खाद्य पाण्यात पडून राहिलं की तवंग येतो आणि पाणी नासतं.

अबलोन या समुद्री गोगलगायीच्या तयार खाद्यात साधारण ३ ते ५ टक्के तेल ठेवतात. आपण चाचणीची सुरुवात तिथूनच करू.

१० किलो खाद्याचा हिशेब

- भाताचा कोंडा ५ किलो (तेल १५ टक्के धरा): ७५० ग्रॅम
- घाण्याची शेंगदाणा पेंड ३ किलो (८ टक्के): २४० ग्रॅम
- सुक्या मासळीची पूड १ किलो (१० टक्के): १०० ग्रॅम
- शिंपल्यांची पूड १ किलो (कवचाला कॅल्शियम): शून्य

एकूण १,०९० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ११ टक्के. वरून एक थेंबही न घालता! आता साध्या कोंड्याऐवजी तेल काढलेला कोंडा, म्हणजे डीओआरबी घ्या. त्यात तेल साधारण १ टक्का, म्हणजे ५० ग्रॅम. एकूण झालं ३९० ग्रॅम, ३.९ टक्के. म्हणून दुकानात भाव विचारण्याआधी "तेल किती टक्के?" हे विचारा.

तेल कुठलं, तेही महत्त्वाचं

आपल्याकडे खोबऱ्याची पेंड सहज मिळते. पण खोबरेल बहुतेक संपृक्त असतं, त्यात ओमेगा-३ जवळजवळ नसतं. नुसत्या त्या पेंडीवर राहू नका. तारलीच्या पुडीत ओमेगा-३ चांगलं मिळतं, थोडी पुरते.

आणि खवट माल फुकट मिळाला तरी नको. भाताचा कोंडा गिरणीतून निघाला की त्याचं तेल लगेच बिघडायला लागतं. पावसाळ्यात दमट पेंडीला बुरशी धरते. पंधरा दिवस पुरेल एवढंच खाद्य बनवा.

पैसे घालण्याआधी ६० दिवसांची चाचणी

तीन टाक्या, प्रत्येकीत सारख्या आकाराच्या ५० गोगलगायी, पाणी एकाच विहिरीचं. पहिलीत नुसता पाला, दुसरीत ३.९ टक्क्यांचं खाद्य, तिसरीत ११ टक्क्यांचं. दर १५ दिवसांनी पुसून वजन करा. शेवटी प्रत्येक टाकीतल्या पाच उकडून मांस वेगळं तोला. कवचाचं वजन वाढलं म्हणजे मांस वाढलं, असं नसतं.

मग किती किलो खाद्याला किती किलो वाढ, ते काढा. समजा ३० रुपये किलोचं खाद्य २ किलो लागलं, तर एक किलो वाढीला खर्च ६० रुपये. ४० रुपयांचं १.४ किलो लागलं तर ५६ रुपये. महाग दिसणारं खाद्य इथे स्वस्त पडलं!

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पोमॅशिया ही परदेशी जात आणू नका, तिने आशियात भातशेतीचं मोठं नुकसान केलंय. आणि गोगलगाय नीट शिजवूनच खायची, हे गिऱ्हाइकालाही सांगा.

गिऱ्हाईक पक्कं नसेल तर टाक्या वाढवू नका. आधी वहीतले आकडे, मग कर्ज. शंका असेल तर रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात जाऊन विचारा. भेटू पुढच्या व्हिडिओत!