टायर रुंद, मायलेज मंद?

आमच्या हॉस्टेलच्या एका मित्राने गाडीला रुंद टायर बसवले. गाडी एकदम झकास दिसायला लागली, पण महिन्याभरात पेट्रोलचा खर्च बघून स्वारीचा चेहरा उतरला. मेसमध्ये चर्चा झाली आणि मी ठोकून दिलं, "सोपंय! रुंद टायर रस्त्याला जास्त जागेवर टेकतो, म्हणून घर्षण जास्त." सगळ्यांना पटलं. रात्री वही घेऊन बसलो, तर माझंच उत्तर चुकलेलं!

मित्रांनो, हिशेब बघा. माणसांसकट १००० किलोची गाडी, म्हणजे एका चाकावर साधारण २५० किलो. टायरमध्ये हवा ३० पीएसआय, म्हणजेच दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो. भागाकार केला की टेकलेली जागा येते जवळपास १२० चौरस सेंटिमीटर. या गणितात रुंदी कुठेच नाही! हवा तेवढीच असेल तर टेकलेली जागा फक्त रुंदीला वाढते आणि लांबीला घटते.

मग पेट्रोल जातं कुठे? टायर फिरताना रबर खाली दबतं आणि वर जाताना सुटतं. दाबताना खर्ची पडलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही, काही उष्णता होऊन जाते. यालाच हिस्टेरिसिस म्हणतात. रोलिंग रेझिस्टन्स मुख्यतः इथूनच येतो. शिवाय रुंद टायर आणि रिम सहसा जड, म्हणून प्रत्येक सिग्नलनंतर त्यांना पुन्हा फिरवायला जास्त ऊर्जा लागते. हायवेवर ते वाराही जास्त अडवतात, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणूनच २०१३ साली आलेल्या बीएमडब्ल्यू आय३ या इलेक्ट्रिक गाडीला १९ इंची रिमवर अवघे १५५ मिलिमीटर रुंदीचे टायर दिले होते. उंच पण सडपातळ!

अजून एक गंमत. नव्या टायरचा व्यास मोठा असेल तर मीटर किलोमीटर कमी दाखवतो आणि मायलेज उगाचच पडल्यासारखं वाटतं. १६५/८० आर१४ चा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर, १८५/६५ आर१५ चा ६२१.५. मित्राने हाच बदल केला होता, त्यामुळे मीटर निर्दोष सुटला.

शेवटी पंक्चरवाल्याकडे जाऊन हवा मोजली. २२ पीएसआय! हवा कमी म्हणजे रबर जास्त दबणार, जास्त तापणार. कंपनीने सांगितलेली हवा भरल्यावर मायलेज बरंच सुधारलं. पहिल्याइतकं मात्र नाही. तेवढी किंमत स्टाईलची!