करी जमिनीतील आम्ल आणि भाताचे पीक
(सामान्य विज्ञान : इयत्ता सातवी)

पिकाची पाने निस्तेज दिसू लागली, की खत कमी पडले असा तर्क बहुधा केला जातो. परंतु कित्येकदा दोष मातीच्या घडणीतच दडलेला असतो. केरळातील कुट्टनाड हा प्रदेश याचे बोधप्रद उदाहरण आहे.

कुट्टनाडातील पुष्कळ शेते समुद्रसपाटीहून खालच्या पातळीवर आहेत. बांध घालून व पाणी उपसून तेथे भात पिकवितात. त्यांतील कोळशासारख्या काळ्या जमिनीस ‘करी’ म्हणतात. तीत प्राचीन वृक्षांचे अवशेष व पायराइट हे लोह आणि गंधक यांचे खनिज आढळते. जमीन पाण्याखाली असेपर्यंत या खनिजास हवा लागत नाही व ते निरुपद्रवी राहते.

जमीन सुकून भेगाळली, की प्राणवायू आत शिरतो. पायराइटचे विघटन होऊन फेरस लोह व गंधकाम्ल निर्माण होते. आरंभी संथ असणाऱ्या या क्रियेस सूक्ष्म जंतू वेग देतात. असे जंतू १९४७ साली अमेरिकेतील कोळशाच्या खाणींच्या आम्लयुक्त पाण्यात ओळखले गेले. फेरस लोहाचे फेरिक लोह करून ते आपली जीवनशक्ती मिळवितात. फेरिक लोह उरलेल्या पायराइटचे विघटन करते. त्यातून पुन्हा फेरस लोह व आम्ल निघते आणि हे चक्र चालू राहते.

शुद्ध पाण्याचा पी. एच. अंक ७ असतो. सुकलेल्या करी जमिनीत तो ४ च्याही खाली उतरतो. अशा आम्लात मातीतील ॲल्युमिनियम विरघळते व मुळे आखूड, जाड होऊन खुंटतात. स्फुरद मातीत बांधला जातो व पिकास मिळत नाही. पुन्हा पाणी भरल्यावर विरघळलेले लोह वाढून भाताच्या पानांवर तपकिरी ठिपके पडतात.

चुना घालणे, आम्ल पाण्याने धुऊन काढणे व खालचा थर सुकू न देणे हे यावरील उपाय होत.

प्रयोग : पेल्यातील पाण्यात लिंबाचे दोन थेंब टाकून निळा लिटमस कागद बुडवावा, तो तांबडा होईल. मग चुन्याची निवळी थोडथोडी घालीत जावे. कागद पुन्हा निळा होईल. चुना जमिनीत काय करतो, हे विद्यार्थ्यांकडूनच वदवून घ्यावे.

सूचना : दख्खनच्या काळ्या जमिनीत बहुधा चुनखडी असते. रंग काळा म्हणून ती व करी जमीन एकच, असा समज विद्यार्थ्यांचा होऊ देऊ नये.

प्रश्न : करी जमीन पाण्याखाली असताना आम्ल का तयार होत नाही?